इल्वाचा बिनतारी मीटर

इल्वाला खरं तर हॅम हवं होतं. सायकल क्लबच्या वार्षिक जेवणात सोडत निघायची. पहिलं बक्षीस खारवलेल्या मांडीचं अख्खं हॅम, दुसरं वाइनच्या सहा बाटल्या आणि तिसरं म्हणजे, आमोसच्या भाषेत, 'जे दुकानदाराकडे खपत नाही ते'. इल्वाला तिसरं लागलं. काड्यापेटीएवढा पडदा असलेला सायकलचा मीटर, तोसुद्धा बिनतारी.

"अर्धं हॅम देतो, ते डबडं मला दे," आमोस म्हणाला. पहिलं बक्षीस त्यालाच लागलं होतं. तो गावात पंचरं काढायचा आणि क्लबचा अध्यक्षही तोच होता.

"अर्धं म्हणजे हाडाकडचं. ओळखते मी तुला."

सगळं टेबल हसलं. इल्वाने ते खोकं पर्समध्ये टाकलं.

ब्रिसिगेल्ला गावात इल्वाचं ताज्या पास्त्याचं दुकान होतं. वय छप्पन्न. लग्न राहून गेलेलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा इल्वा तिशीत होती, आणि आई गेली तेव्हा पन्नाशी उलटलेली. त्यानंतर एक अडचण उभी राहिली. गुरुवारी दुपारी गावातली सगळी दुकानं बंद असत, आणि गुरुवारच्या दुपारचं काय करायचं हे तिला कळेना. इतकी वर्षं ती दुपार आईला अंघोळ घालण्यात, तिचे केस विंचरण्यात जायची. मग एक दिवस तिने आमोसकडून जुनी सायकल विकत घेतली. पहिल्या चढावर ती उतरून चालायला लागली, तेव्हा बारच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं होतं, "इल्वा, पिठाचं पोतं खाली ठेव आधी!" पण कणीक लाटून लाटून तिचे खांदे बैलाचे झाले होते, आणि हट्ट तर जन्माचाच. तिसऱ्या वर्षी ती मोंते त्रेब्बियोचा घाट न उतरता चढली. त्या दिवशी पायरीवरून कुणी काही बोललं नाही.

मीटर बसवायचा कसा हे तिने आमोसला विचारलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. तिने वास्कोला विचारलं.

वास्को रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालेला. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बोलणं मोजकं, पण हातात घेतलेली वस्तू कधी आपटणार नाही असा माणूस. क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत, पण वास्को इल्वाला 'अहो' म्हणायचा, जणू ती अजून काउंटरपलीकडे उभी आहे. शनिवारी तो दुकानात कापेल्लेत्ती घ्यायला यायचा. मांस-चीज भरलेल्या त्या इवल्या टोप्या तो एकट्यापुरत्या मागायचा, आणि इल्वा त्यात मूठभर जास्तच टाकायची. ही मूठ त्याच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे.

गुरुवारी तो तिच्या घरामागच्या अंगणात आला. इल्वाने टेबलावर खोक्यातलं सगळं मांडून ठेवलं होतं: पडदा, हँडलवर बसवायची त्याची बैठक, पुढच्या चाकाच्या फोर्कला लावायचा सेन्सर, चाकाच्या आऱ्याला अडकवायचं छोटं लोहचुंबक, आणि ते सगळं आवळायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. घडी घातलेलं माहितीपत्रकही होतं. ते तिने आदल्या दिवशी वाचून काढलं होतं, आणि मुद्दाम पुन्हा घडी करून ठेवलं होतं.

वास्कोने चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे चुंबक फिरत फिरत याच्यासमोरून गेलं की हा वर पडद्याला सांगणार, की एक फेरा झाला."

"पण सांगणार कसा? तार कुठंय?"

"तार नाहीच. मधे काही नाही, आणि तरी निरोप पोचतो."

"रेडिओसारखा?"

"रेडिओ सगळ्या गावासाठी बोलतो. याचा आवाज हातभरच जातो. म्हणून हा पडद्याच्या अगदी खाली, सरळ रेषेत बसायला हवा."

त्याने सेन्सर फोर्कवर धरला, खाली सरकवला, पुन्हा वर घेतला. चुंबक आऱ्यावर घट्ट केलं. चाक हळूच फिरवलं. चुंबक सेन्सरला घासलं आणि टक् असा आवाज आला. "फार जवळ," तो म्हणाला. थोडं लांब घेतलं, तर पडद्यावर शून्यच. "आता फार लांब." शेवटी त्याने खिशातून बसचं जुनं तिकीट काढलं, दुमडलं, मधे धरलं आणि तेवढी फट ठेवून पट्टी आवळली. चाक फिरवलं तसे आकडे धावायला लागले. इल्वाने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या आणि मग लाजून हात ॲप्रनला पुसले.

"आता चाकाचा घेर घालायचा," वास्को म्हणाला. "एका फेऱ्यात चाक किती पुढे जातं ते त्याला सांगितल्याशिवाय तो वेग काढणार कसा? आपल्याला मोजावं लागेल."

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तक्ता होता. टायरवर जो आकार छापलेला असतो तो शोधायचा, समोरचा आकडा घालायचा, संपलं. दोन हजार शहाण्णव. इल्वाला तो पाठ होता. तिने विचारलं, "कसं मोजायचं?"

वास्कोने टायरवर खडूने खूण केली, ती जमिनीला टेकेल असं चाक उभं केलं आणि फरशीवरही खूण केली. "तुम्ही वर बसा. वजन पडलं की टायर जरा दबतो. रिकाम्या सायकलचा घेर खोटा."

इल्वा बसली. वास्कोने एक हात हँडलवर ठेवला, दुसरा सीटच्या मागे, आणि वाकून खडूच्या खुणेकडे बघत तो सायकल ढकलू लागला. अंगण लहान, वेग मुंगीचा. तिच्या पाठीला त्याच्या मनगटाची ऊब लागत होती. इतक्या वर्षांत डॉक्टर सोडला तर तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. ती श्वास धरून बसली, जणू श्वास सोडला तर घेर बदलेल.

"एकदा मोजून भागायचं नाही," वास्को म्हणाला.

तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा तो फरशीवर गुडघे टेकून टेप बघत म्हणाला, "दोन हजार ब्याण्णव." मग मान वर न करता म्हणाला, "बाकीच्यांचं शहाण्णव येतं. हे चार मिलिमीटर तुझे."

इतकं बोलून तो दोन्ही बटणं दाबून आकडे भरायला लागला. 'तुझे' म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं नसावं. इल्वाच्या आलं. ती कॉफी करायला आत गेली आणि तिने साखरेच्या जागी मीठ काढलं, मग परत ठेवलं.

पंधरा दिवसांनी वास्कोच्या हँडलवरही तसाच मीटर दिसला.

"तुला रे कशाला?" आमोसने विचारलं. "तू तर आगगाडीसारखा, ठरल्या वेळी ठरल्या जागी."

"स्वस्तात मिळाला," वास्को म्हणाला.

दर गुरुवारी ती दोघं निघू लागली. आधी लामोने नदीच्या कडेने, जर्दाळूच्या बागांमधून, मग मोदिल्याना गावाकडे आणि तिथून त्रेब्बियोच्या घाटाला. क्लबचे बाकीचे पुढे जात. वास्को मागे राहायचा, इल्वाच्या मागे चार-पाच हातांवर. वाट रुंद झाली की बाजूला यायचा. आणि तो बाजूला आला की इल्वाचा मीटर वेडा व्हायचा.

"चोपन्न!" पहिल्यांदा ती किंचाळलीच. "वास्को, मी चढावर चोपन्नने चाललेय!"

त्याने वाकून बघितलं. त्याच्याही पडद्यावर काहीतरी अचाट होतं. तो थांबला, विचार केला आणि हसला. तो हसताना क्वचितच दिसायचा. "दोन्ही यंत्रं एकाच बोलीत बोलतात. तुझ्या पडद्याला माझं चाकही ऐकू येतं. दोघांचे फेरे पाठोपाठ आले की त्याला वाटतं, एकच चाक उडतंय." आणि लगेच सायकल मागे घेत म्हणाला, "मी लांब राहतो. तुझा हिशोब बिघडतो."

"बिघडला तर बिघडला," इल्वा म्हणाली. "मला कुठे शर्यतीत उतरायचंय?"

तो पुन्हा बाजूला आला. त्या वर्षी इल्वाच्या मीटरवर जेवढं अंतर जमलं तेवढा रस्ता त्या खोऱ्यात नव्हताच. क्लबातले पोरगे तिला सांगत, नवे मीटर आलेत, त्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळत नाहीत. ती म्हणायची, बघू.

इतकं सगळं होतं, आणि बोलणं मात्र काहीच झालं नाही. घाटमाथ्यावर दगडावर बसून ती दोघं भाकरीसारखी पियादिना वाटून खात, पावसाने पांढरे ओरखडे काढलेल्या समोरच्या टेकड्यांकडे बघत. वास्को सांगायचा, कुठली गाडी कुठे अडकली होती ते. इल्वा सांगायची, कणकेला पाऊस येणार हे आधी कळतं. एकदा तिने मनाशी ठरवलं, आज बोलायचंच. नेमकं तेव्हाच त्याने विचारलं, "उतरायचं?" ती म्हणाली, "उतरू या."

फेब्रुवारीत तिला बातमी कळली ती गिऱ्हाईकाकडून. दुकानात चार बायका होत्या. एक म्हणाली, "वास्को चालला म्हणे. कूनेओला, मुलीकडे. जावई सोडून गेला, पदरात तान्हं पोर, आणि पोरीची नोकरी इस्पितळात रात्रपाळीची. बाप नाही जाणार तर कोण जाणार?"

"खरंय," इल्वा म्हणाली. "तुम्हाला किती देऊ?"

शनिवारी तो स्वतः आला. रांग होती. इल्वाने त्याच्या कापेल्लेत्ती तोलल्या, नेहमीची मूठ टाकली, मग आणखी एक टाकली.

"तिकडे घाट आहेत का?" तिने विचारलं.

"घाट कसले, आल्प्सच आहे. पण सायकल नेत नाही. आमोसला दिली. पोरीचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि..." तो थांबला. मागून कुणीतरी खोकलं.

"आणि वेळ कुठला मिळणार," इल्वाने त्याचं वाक्य पुरं केलं.

"हो. वेळ."

तिने दोरीची गाठ मारली. चांगली घट्ट, दोनदा.

तो गेल्यावर इल्वाने गुरुवार सोडले नाहीत. पण आता मीटर शहाण्यासारखा वागायचा. चढावर नऊ दाखवायचा, आठ दाखवायचा. कधी शेजारून कुणी मोटरसायकलवाला गेला की आकडे क्षणभर उसळत आणि तिची मान आपोआप डावीकडे वळे. मग ती स्वतःवरच चिडायची आणि जोराने पायडल मारायची.

नोव्हेंबरात एके दिवशी पडदा फिका होत होत विझला. तिने आमोसच्या दुकानातून बटणाएवढा सेल आणला आणि तिथेच बदलला. पडदा उजळला. त्यावर नुसती शून्यं लुकलुकत होती.

"आधीचं कुठे गेलं?" तिने विचारलं.

"गेलं," आमोस म्हणाला. "याला आठवण नसते गं. सेल काढला की सगळं पुसतं. घेर पुन्हा घाल. दोन हजार शहाण्णव, सगळ्यांचा तोच."

"माझा तो नाही."

"तुझं चाक काय पोपने आशीर्वाद दिलेलं आहे?"

इल्वा शून्यांकडे बघत उभी राहिली. आमोसने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच थट्टा अर्ध्यावर सोडली. हात पुसत तो आत गेला आणि एका चिटोऱ्यावर टेलिफोन नंबर लिहून घेऊन आला. "त्यालाच विचार. मला चाकांतलं काय कळतं?"

दुकान बंद करून, शटर अर्धं खाली ओढून तिने फोन लावला. बोटांना पीठ तसंच होतं.

"वास्को? मी इल्वा. सेल संपला होता. घेर काय होता ते विचारायला..."

"दोन हजार ब्याण्णव," तो म्हणाला. तिचं वाक्य संपायच्या आत.

फोनमधून मूल कुरकुरताना ऐकू येत होतं.

मग वास्को म्हणाला, "माहितीपत्रकात तक्ता असतो तसा. शेवटच्या पानावर."

"ठाऊक आहे. मी वाचला होता. तू यायच्या आदल्या दिवशी."

"मीही," वास्को म्हणाला. "आल्या आल्या, तू कॉफीचं सामान काढायला आत गेली होतीस तेव्हा."

इल्वा पिठाच्या पोत्यावर बसली. "मग फरशीवर गुडघे कशाला घासलेस तीन तीन वेळा?"

"तू वर कशाला बसलीस?"

जानेवारीत सण आटोपले, दुकानाला उतार आला, तेव्हा इल्वा वास्कोला कळवून, कापेल्लेत्तीचा डबा बर्फात बांधून कूनेओला जायला गाडीत बसली. बोलोन्याला गाडी बदलली, तोरिनोला बदलली. सपाट, धुक्याने भरलेली शेतं संपेचनात. डबा तिने दिवसभर मांडीवरच ठेवला.

दार वास्कोच्या मुलीने, मीर्नाने उघडलं. डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं. "तुम्ही इल्वा ना? या. बाबा सकाळपासून खिडकीतून हलले नाहीत." आणि मागे वळून, "बाबा, आता तरी बीचेला दूध पाजाल का?"

वास्को बारीक झाला होता. खांद्यावर पंचा, कडेवर नात. बीचेने इल्वाच्या गळ्यातल्या माळेला हात घातला आणि सोडेचना.

जेवण झालं. मीर्ना झोपायला गेली. बीचे वास्कोच्या छातीवर झोपली होती, त्यामुळे त्याला हलता येईना. खिडकीबाहेर चांदण्यात बर्फाचे डोंगर अगदी हाताशी उभे होते. त्याने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"घाट कसाय?" त्याने हळूच विचारलं.

"आहे तसाच."

"तसं नको. सांग नीट. मोदिल्यानाचा पूल ओलांडलास. पुढे?"

इल्वाला आधी हसू आलं. मग ती सांगू लागली. पूल ओलांडला की पाण्याचा नळ, त्याची तोटी बदलली. मग ओकची झाडं. पहिल्या वळणावरचं कुत्रं म्हातारं झालंय, आता नुसतं भुंकतं, धावत नाही. चेरी विकणाऱ्या बाईने बाकडं मांडणं बंद केलं. तिसऱ्या वळणावर दरड आली होती, पण काढली. वास्को डोळे मिटून ऐकत होता. त्याचे पाय टेबलाखाली किंचित हलत होते. इल्वाला ते दिसलं. हा माणूस रस्त्यासाठी झुरतोय, तिला वाटलं. नळासाठी, कुत्र्यासाठी. मी आपली त्याची बातमीदार. डबा घेऊन दिवसभराचा प्रवास करून आलेली बातमीदार.

तरी ती सांगत राहिली. "मग ते पडकं चर्च, आणि तिथून एकदम उभा चढ—"

"तिथे तू नेहमी उशिरा गिअर बदलायचीस," वास्को डोळे न उघडताच म्हणाला. "आधी दात खायचीस, मग मान डावीकडे टाकायचीस, आणि अगदी थांबायला आलीस की मग खट्. प्रत्येक गुरुवारी मी मागून म्हणायचो, आता बदल, आता बदल. मनातल्या मनात."

"मोठ्याने का नाही म्हणालास?"

"म्हटलं असतं तर तू गिअर आधीच बदलला असतास. मग मान डावीकडे पडली नसती."

इल्वाने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. बराच वेळ केले. मग तिने, जी गोष्ट त्या घाटमाथ्यावर कधी जमली नव्हती, ती विचारली. "वास्को, तू परत येशील?"

त्याने डोळे उघडले. बीचेच्या पाठीवर हात ठेवला. "ही शाळेत जायला लागेपर्यंत नाही. मीर्नाला माझ्याशिवाय कुणी नाही."

"बरोबर आहे."

"तोवर मी चौसष्ट-पासष्टचा होईन. घाट चढता येईल की नाही..."

"तेव्हा ढकलीन मी. अंगणात तू ढकललीस तशी." ती उठली आणि भांडी घासायला लागली, कारण डोळे पुसायला ओले हात बरे.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तो बीचेला घेऊन आला. गाडी लागली होती. त्याने तिचा हात हातात घेतला, आणि गार्डाने शिटी दिली तरी सोडला नाही. "मी तुला माझ्यासाठी थांब म्हणत नाही," तो म्हणाला. "मला तो हक्क नाही."

"मी काय तुला विचारून थांबणार आहे?" इल्वा म्हणाली आणि गाडीत चढली. तोरिनो येईपर्यंत ती रडली. समोरच्या बाईने न विचारता संत्रं सोलून दिलं.

त्यानंतर तिने एक मोबाइल घेतला. मार्चमध्ये आभाळ उघडलं त्या पहिल्या गुरुवारी ती त्रेब्बियोच्या माथ्यावर पोचली, दगडावर बसली, धाप ओसरू दिली आणि नंबर लावला.

"पोचलीस?" वास्को म्हणाला.

"पोचले. वारा आहे. ऐक." तिने फोन उंच धरला. खालून कुणाच्या तरी शिव्या येत होत्या, अस्सल रोमान्या मुलखातल्या, देव आणि डुक्कर एकाच दमात घेणाऱ्या.

"कोण तो?"

"आमोस. तुझ्या सायकलवर आलाय. साखळी उतरली त्याची."

पलीकडे वास्को हसला, मोकळा, पोटातून. तिला वाटलं, आता हा आवाज ऐकला, पुरे. पण पुरे झालं नाही. हसणं थांबल्यावर तिथे नुसता वाराच उरला, इकडचा आणि कदाचित तिकडचाही, आणि दोघांपैकी कुणालाच फोन ठेववेना.

"इल्वा," शेवटी तो म्हणाला, "उतारावर जपून. खडी असते."

"हो."

"मागचा ब्रेक आधी."

"हो रे. ठेव आता, बीचे उठेल."

तिने फोन जर्सीच्या पाठखिशात टाकला. आमोस साखळी चढवून, काळ्या हातांनी, धापा टाकत वर येत होता. तो दगडावर तिच्या शेजारी बसला, वास्को बसायचा त्या रिकाम्या जागेवर, मग काय वाटलं कोण जाणे, उठून थोडा पलीकडे सरकून बसला. इल्वाने पियादिना मोडली, अर्धी त्याला दिली. खाली मोदिल्यानाची घंटा वाजायला लागली होती.